खाटकाचा हात आणि मेंढ्याचं नाक

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या आठवडी बाजारात उजाडता उजाडता टेम्पोतून मेंढरं उतरायला लागतात. तेव्हा कडेला उभं राहून नुसतं गिऱ्हाइकांच्या हातांकडे बघावं. खाटीक मेंढराच्या तोंडाकडे बघतही नाही. डावा हात हनुवटीखाली घालून जनावर धरतो आणि उजव्या हाताची बोटं शेवटच्या बरगडीच्या मागं, कमरेवर ठेवतो. अंगठ्यानं मणक्याची टोकं दाबतो. बोटांनी आडव्या हाडांच्या टोकाखाली चाचपतो. मग हात मागं नेऊन मांडीचा आतला भाग मुठीत धरतो आणि शेपटीच्या मुळाशी एक चिमटा काढतो. पाच-सहा सेकंदांत त्याचा हिशेब झालेला असतो: मटण एवढं, चरबी एवढी, हाड एवढं.

त्याच कोकराजवळ दुसरं गिऱ्हाईक येतं, हौशी. ते आधी नाक बघतं. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार आहे का, कान किती लोंबतात, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके कुठे पडलेत, उंची किती. कमरेवर हात ठेवायचं त्याच्या मनातही येत नाही.

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण आपली, म्हणजे मेंढरं पाळणाऱ्यांची आहे. आपण कळपासाठी मेंढा निवडतो हौशी गिऱ्हाइकाच्या डोळ्यानं आणि कोकरं विकतो खाटकाच्या हाताला. माझ्या घरी दोन पिढ्यांपासून मेंढरं आहेत आणि ही चूक मी स्वतःच्या पैशानं केली आहे. म्हणून मटणाच्या कोकरासाठी जात आणि संकर कसा निवडायचा, हे जेवढं नीट समजलंय तेवढं इथं मांडतो.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या भागात धनगर मेंढरांना बकरीच म्हणतात. निपाणीजवळच्या अकोळात जन्मलेल्या बाळूमामांची बकरी म्हणजे मेंढरंच. ती कुणाच्या रानात बसली तर माणसं भाग्य समजतात, त्यांना कापायचा प्रश्नच येत नाही. पुण्याकडे मेंढराच्या मटणाला बोलाईचं मटण म्हणतात. आपल्याकडे दुकानात ‘बकऱ्याचं’ म्हटलं तर ते मेंढराचं की बोकडाचं, हे विचारून घ्यावं लागतं. या लेखात बकरं म्हणजे मेंढरूच.

आता मुख्य हिशेब. उसाला जसा साखरेचा उतारा असतो, तसा बकऱ्याला मटणाचा उतारा असतो. जिवंत वजनातून कातडं, मुंडी, पाय, रक्त, आतडी आणि पोटातला चारा-पाणी वजा केलं की जे टांगलेलं धड उरतं, त्याचं जिवंत वजनाशी प्रमाण म्हणजे उतारा. आपल्याकडच्या मेंढरांत तो साधारण ४२ ते ५० टक्क्यांच्या आसपास फिरतो. तीस किलोच्या दोन कोकरांपैकी एकाचा उतारा ४२ टक्के आणि दुसऱ्याचा ४८ टक्के असेल, तर पहिल्याचं धड १२.६ किलोचं आणि दुसऱ्याचं १४.४ किलोचं. काट्यावर वजन सारखंच, पण दुकानात पावणेदोन किलोहून जास्त फरक. मटणाला किलोला सातशे रुपये धरले तर एका कोकरामागं बाराशेहून जास्त रुपये. खाटकाचा हात कमरेवर का जातो, ते या आकड्यात आहे.

मात्र उतारा हा फसवा आकडा आहे. पोट भरलेल्या मेंढराच्या आत वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, कधी त्याहूनही जास्त चारा-पाणी असतं. सकाळी पाजून-चारून काट्यावर चढवलेलं कोकरू वजनाला भरतं आणि उताऱ्याला पडतं. खाटकाला हे ठाऊक असतं, तो तेवढं मनातल्या मनात कापूनच भाव बोलतो. दुसरी गोष्ट, चरबी वाढली तरी उतारा वाढतो. म्हणजे उतारा चांगला आला की मटण चांगलं, असं धरून चालता येत नाही. धडात मांस किती, हाड किती, चरबी किती आणि ती कुठं बसलीय, हे वेगळं बघावं लागतं. मांडी भरलेली, कंबर रुंद, कमरेच्या दोन्ही बाजूंना मांसाची जाड पट्टी, वरून चरबीचा पातळ पांढरा पापुद्रा: असं धड गिऱ्हाइकाला हवं असतं. मूत्रपिंडाभोवती आणि आतड्यावर चरबीचे गोळे जमले असतील, तर तेवढा चारा-खुराक आपण वाया घातलेला असतो. आपल्या देशी मेंढरांची खोड नेमकी हीच. जास्त खाऊ घातलं की चरबी कातड्याखाली कमी आणि पोटात जास्त साठते.

जाती निवडण्याआधी कोकराच्या अंगात वाढ कशी होते ते समजून घ्यावं, नाहीतर जातींची नावं पाठ करून काही हाती लागत नाही. वाढ एका क्रमानं होते. आधी हाड वाढतं, मग मांस भरतं आणि शेवटी चरबी चढते. तिन्ही चालू एकाच वेळी असतात, पण जोर या क्रमानं फिरतो. घर बांधताना आधी कॉलम उभे राहतात, मग भिंती, मग गिलावा, तसं. कॉलम उभे असताना घर उंच दिसतं, राहण्याजोगं नसतं.

आता दोन जाती धरा. एकीचा पूर्ण वाढलेला मेंढा चाळीस किलोचा होतो, दुसरीचा साठ किलोचा. दोन्हींची कोकरं तुम्ही २८ किलोला विकली. पहिलं कोकरू आपल्या पूर्ण वाढीच्या सत्तर टक्क्यांवर पोचलेलं आहे. त्याच्या अंगावर मांस भरलंय आणि चरबीचा पापुद्रा आलाय. दुसरं निम्म्याच्याही अलीकडे आहे, त्याचे अजून कॉलमच उभे राहताहेत. खाटीक दुसऱ्याच्या कमरेवर हात ठेवून म्हणतो, “दादा, हाडच लागतंय.” आपण म्हणतो, एवढ्या मोठ्या जातीचं कोकरू आणि याला कळत कसं नाही! पण त्याला बरोबर कळलेलं असतं. मोठ्या अंगाची जात मोठ्या वजनालाच विकायची. ते दुसरं कोकरू ४२ किलोच्या आसपास नेलं तर तितकंच भरलेलं धड देईल, आणि एकूण मटणही जास्त देईल. तिथंपर्यंत नेण्याइतका चारा आणि दम तुमच्याकडे नसेल, तर ती जात तुमच्यासाठी नाही. जातींची तुलना सारख्या वजनाला करायची नसते, वाढीच्या सारख्या टप्प्याला करायची असते. माझ्या मते या सगळ्या विषयात ही एक गोष्ट समजली की अर्धं काम झालं.

उलट बाजूही आहे. लहान अंगाची जात उगाच जास्त वजनापर्यंत ओढली की नुसती चरबी चढत जाते, आणि चरबी चढवणं महाग असतं. मांसाच्या वजनात तीन चतुर्थांश पाणीच असतं. चरबीत पाणी फार कमी, म्हणून एक किलो चरबी तयार व्हायला एक किलो मांसापेक्षा कितीतरी जास्त खुराक लागतो. वाढ मंदावली की विकावं, हे धनगर जुन्या काळापासून करतात. त्यामागचं कारण हेच.

आता आपल्या आजूबाजूच्या जाती.

दख्खनी ही आपली घरची. काळी, लोकर राठ, अंग अरुंद, पाय काटक. मेंढी साधारण २५-३० किलोची. खाटकाच्या हाताला दख्खनी फारशी आवडत नाही. बरगड्या चपट्या, मांडी उतरती, कंबर निमुळती. पण तिला आईच्या नजरेनं बघा. दिवसभर दहा-पंधरा किलोमीटर चालून, हरभऱ्याच्या काढलेल्या रानात वेचून, संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे कळपाभोवती लावलेल्या जाळीच्या, आत येऊन ती कोकराला पाजते. अथणी-रायबागच्या उन्हात टिकते. तिच्या लोकरीची घोंगडी होते. मात्र आता कातरायची मजुरीही लोकरीतून निघत नाही, म्हणून पुष्कळांनी कळप विकून केसाळ, बिनलोकरीची मेंढरं आणली. मला ही घाई वाटते. जी मेंढी काहीही न मागता आपल्या रानात जगते, ती आई म्हणून अजूनही सगळ्यात स्वस्त आहे.

माडग्याळ अथणीच्या शेजारच्या जत तालुक्यातली, त्याच नावाच्या गावावरून ओळखली जाणारी. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, उंच, लांब, बाकदार नाक, लोकर नावापुरती. वाढीला जोरदार. कोकरं दख्खनीपेक्षा भराभर वजन घेतात, म्हणून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडे-पलीकडे सगळीकडे ती पसरली. तिच्या मेंढ्यांना लाखांत बोली लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती बोली नाकाला असते. नाकाच्या बाकाचा मांडीच्या मांसाशी काही संबंध नाही. उलट नुसतं नाक आणि उंची बघून पिढ्यान्पिढ्या मेंढे निवडले की पाय लांबत जातात, छाती अरुंद राहते आणि कंबर मागं पडते. माडग्याळीत आखूड पायाचे, रुंद पाठीचे मेंढेही असतात, आणि मटणासाठी तेच हवेत. नाक जरा सरळ असल्यामुळे ते स्वस्तातही मिळतात.

बन्नूर, जिला मंड्या मेंढी असंही म्हणतात, ती म्हैसूर-मंड्याकडची. बुटकी, रुंद, ठेंगण्या पायांची, पुढून-मागून ठोकळ्यासारखी. मागं उभं राहून बघितलं तर दोन मांड्यांच्या मधली कमान उलट्या ‘यू’सारखी गोल दिसते. दख्खनीच्या मागं उभं राहिलं तर तिथं उलटा ‘व्ही’ दिसतो. हा फरक एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही. देशी मेंढरांत मांसाच्या ठेवणीला बन्नूरचं नाव पहिलं घेतात. पण ती लहान अंगाची आहे, म्हणून लवकर भरते आणि लवकर चरबीवर जाते. लांब चालायला ती दख्खनीएवढी काटक नाही.

केंगुरी रायचूर-कोप्पळकडची, नावातच ‘तांबडी मेंढी’ असा कन्नड अर्थ आहे. अंगानं बरी, उन्हाला पक्की. आंध्रातली नेल्लूर देशातली सगळ्यात उंच मेंढी समजली जाते, आणि उंचीबद्दल वर जे सांगितलं ते तिलाही लागू आहे.

तालुका बघूनही निवड बदलते. अथणी कोरडं, खानापूर घाटालगतचं, पावसाचं. खानापुरात सततच्या ओलीत खुरं सडतात, जंतांचा त्रास होतो, लोकर भिजून राहते. तिथं बारमाही मेंढरं ठेवायची असतील तर जातीआधी गोठ्याची कोरडी जमीन बघावी. चिकोडी-निपाणी-रायबागच्या ऊसपट्ट्यात वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, भरपूर असतं, पण नुसत्या वाड्यावर कोकराच्या अंगात मांस भरत नाही, त्याला प्रथिनाची जोड द्यावी लागते.

आता संकर. आई एका गुणांची, बाप दुसऱ्या गुणांचा. आईनं रानात जगावं, माजावर यावं, दूध पाजावं. बापानं कोकराला मांडी, कंबर आणि वाढ द्यावी. एकाच जातीत दोन्ही शोधत बसण्यापेक्षा दोन जातींत काम वाटून द्यायचं. दख्खनी मेंढीवर मांसल मेंढा सोडला की कोकराला निम्मं निम्मं येतं, आणि वर एक फायदा मिळतो. दोन वेगळ्या रक्तांच्या पहिल्या संकरात कोकरं जगायला आणि वाढायला आई-बापाच्या सरासरीपेक्षा थोडी सरस निघतात. याला संकरजोम म्हणतात. पण तीच संकरित नर-मादी आपापसांत फळवली की पुढच्या पिढीत हा जोम निम्म्यावर येतो आणि कोकरं एकसारखी राहत नाहीत. एक लांब, एक बुटकं, एक काळं, एक ठिपक्यांचं. व्यापारी अख्खी वाघर एका भावानं उचलत नाही, ती अशा कळपांची. म्हणून नियम असा: मटणाच्या मेंढ्यापासून झालेली सगळी कोकरं विकायची, नर आणि मादी दोन्ही. मादी कितीही देखणी झाली तरी.

इथं कुणीही विचारेल, मग पुढच्या आया कुठून आणायच्या? हा प्रश्न बहुतेक सल्लागार टाळतात, म्हणून हिशेब मांडतो. चाळीस मेंढ्यांचा कळप. दरवर्षी म्हाताऱ्या, दात पडलेल्या, कास बिघडलेल्या मिळून सात-आठ मेंढ्या काढाव्या लागतात. म्हणजे दरवर्षी आठ तरुण माद्या हव्यात. मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते, त्यातली निम्मी नर, काही मरतात. आठ चांगल्या माद्या हाती लागायच्या तर वीस-बावीस मेंढ्या शुद्ध दख्खनी मेंढ्याकडेच फळवाव्या लागतात. मांसल मेंढ्याच्या वाट्याला उरतात अठरा-वीस. अर्धा कळप नव्या आया तयार करण्यात जातो, हे आधीच कबूल करून बसलेलं बरं. दुसरा मार्ग म्हणजे एकाच गावच्या दोघा-तिघांनी वाटून घेणं. एकानं शुद्ध दख्खनी ठेवून माद्या विकायच्या, दुसऱ्यांनी त्या घेऊन फक्त मटणाची कोकरं काढायची. आपल्याकडे वाफसा आला की एकमेकांची औतं वापरतात, मग हे का जमू नये?

दोन मेंढे एकाच कळपात कसे सांभाळायचे, याचीही सोय आहे. ज्याची पाळी नाही त्याच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधायचं. मेंढ्या दिवसा एकत्र चरू द्यायच्या आणि रात्री वाघरीचे दोन भाग करायचे. एका मेंढ्याला पंचवीस-तीस मेंढ्या पुरेत. पहिलारू मेंढीवर मोठ्या डोक्याचा, उंच मेंढा सोडू नये, कोकरू अडतं. तिला दख्खनीकडे किंवा बन्नूरकडे लावावं आणि माडग्याळ मेंढा दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या अंगापिंडानं भरलेल्या मेंढ्यांसाठी ठेवावा.

जुळ्यांमुळे वरचा सगळा हिशेब बदलतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे ‘नारी’नं, बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ या बुटक्या मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली. या जनुकाची एक प्रत आईकडे असली तरी तिला जुळी होण्याचा संभव खूप वाढतो. लोकांचा गैरसमज असा होतो की नारी सुवर्णा मेंढा आणला म्हणजे यंदाच जुळी. तसं नाही. जुळी होणं आईच्या अंडाशयावर ठरतं, बापावर नाही. मेंढा तो जनुक आपल्या मुलींना देतो आणि त्या मुली व्यायल्यावर जुळी दिसतात. म्हणजे फळ दोन वर्षांनी. मेंढ्यात दोन्ही प्रती आहेत की नाही हे रक्ताच्या तपासणीतून कळतं, ती पावती बघूनच पैसे मोजावेत. आणि जुळी जगवायला दूध लागतं. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात पोटातल्या कोकराची बरीचशी वाढ होते, त्या काळात मूठ-दोन मूठ खुराक दिला नाही तर दोन अशक्त कोकरांपेक्षा एक धडधाकट बरं. लांब फिरणाऱ्या कळपासाठी मी जुळ्यांची शिफारस करणार नाही. घराजवळ राहणाऱ्या वीस-तीस मेंढ्यांसाठी नक्की करेन.

परदेशी जातींबद्दल रोज कुणीतरी विचारतं, विशेषतः डॉर्परबद्दल. डॉर्पर दक्षिण आफ्रिकेत डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या तोंडाची पर्शियन यांच्या संकरातून झाली. कोरड्या मुलखात मटण देण्यासाठीच ती बनवली आणि तिची ठेवण खरोखर देखणी आहे. परदेशी मांसल रक्त आपल्याकडे आणायचा प्रयोग नवा नाही. राजस्थानातल्या अविकानगरला १९६२ साली केंद्रीय मेंढी संशोधन संस्था सुरू झाली. तिथं डॉर्सेट आणि सफोक हे मेंढे मालपुरा-सोनाडी या देशी मेंढ्यांवर वापरून बघितले गेले. तिकडून एक धडा घ्यायचा. मोठं रक्त मोठा चारा मागतं. भरपूर खाऊ घातलं तर फरक दिसतो, नुसत्या चराईवर सोडलं तर तो विरून जातो. वर आपल्याकडे निळ्या जिभेचा रोग आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ सालची, तीही महाराष्ट्रातली. पावसाळ्याच्या शेवटी चिलटांमुळे तो पसरतो आणि परदेशी रक्ताच्या मेंढरांना जास्त झोडपतो. गोठ्यात बांधून, लस देऊन, खुराकावर कोकरं वाढवणाऱ्यानं डॉर्परचा संकर करून बघावा. रानावर फिरणाऱ्यानं त्यापायी दागिने गहाण टाकू नयेत. ‘डॉर्पर क्रॉस’ म्हणून जे विकतात त्यांना एवढंच विचारा: कितवी पिढी, बाप कुठला, आई दाखवा.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका व्यापाऱ्याकडून माडग्याळ मेंढा घेतला. उंच, नाक पोपटी, पाठ हाताला जाड लागली म्हणून वाटलं मांसलही आहे. दोन महिने रानात फिरल्यावर पाठीचं हाड वर आलं. ती जाडी मक्याच्या भरड्याची होती. त्याच्या अंगात ती नव्हतीच, मग कोकरांत कुठून येणार? त्याची कोकरं लांब पायांची, उशिरा भरणारी निघाली आणि वर्षभर खाटकाच्या दारात मान खाली घालून उभं राहावं लागलं. तेव्हापासून मेंढा घ्यायचा असेल तर मी त्याच्या मालकाच्या वाघरीवर जातो. त्याची सख्खी-सावत्र भावंडं आणि त्याची कोकरं बघतो, एकाच चाऱ्यावर वाढलेली. मांसाची ठेवण आणि वाढ बापाकडून बऱ्यापैकी उतरते, पण दिसणारी जाडी रक्ताची की खुराकाची, हे एकटा मेंढा बघून कळत नाही.

चाऱ्याचं थोडक्यात. विकण्याआधीचे दोन-तीन महिने कोकराला मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, तुरीचं भुसकट आणि हिरवं दिलं तर कुठल्याही जातीचा उतारा सुधारतो. पण धान्य हळूहळू वाढवावं, दहा-बारा दिवस घेऊन. एकदम पोतं मोकळं केलं तर पोट आंबून किंवा आंत्रविषारानं, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषानं, सगळ्यात भरलेलं कोकरूच आधी मरतं. आंत्रविषाराची लस त्याआधीच झालेली असावी. नर कोकरांना नुसता भरडा-कोंडा दिला तर मूतखडे होतात, म्हणून त्यात चुना देणारं खनिज मिश्रण हवं. सात-आठ महिन्यांच्या आत विकायचं असेल तर खच्ची करायची गरज नाही, अखंड नर जास्त वेगानं वाढतो आणि चरबी कमी धरतो. वर्षाच्या पुढं ठेवला तर मात्र वास उग्र होतो.

आणि चव? इथं जातीला फार श्रेय देऊ नये. मटण मऊ लागणं आधी वयावर असतं. अदंत, म्हणजे पक्के दात न आलेलं कोकरू लवकर शिजतं, चार दाती मेंढा कुकरच्या शिट्ट्या खातो, कारण वयाबरोबर मांसातले चिवट धागे घट्ट होत जातात. दुसरं, कापण्याआधी जनावर कसं होतं. शांत जनावराच्या मांसात साखरेचा साठा असतो, कापल्यावर त्याचं आम्ल होतं आणि मांस उजळ, रसरशीत राहतं. रात्रभर टेम्पोत कोंबून, पाय बांधून, कुत्र्यांच्या भुंकण्यात काढलेल्या कोकराचा तो साठा आधीच संपलेला असतो. मग मांस काळपट, चिकट होतं आणि लवकर खराब होतं. गोकाकहून कोल्हापूरला किंवा बेळगावहून गोव्याला माल पाठवणाऱ्यांनी कोकरांना रात्रीची विश्रांती आणि पाणी दिलं, तर जात बदलल्यापेक्षा जास्त फरक पडेल. आपल्याकडच्या पांढऱ्या रश्श्याला नळी आणि चाप दोन्ही लागतात, म्हणून धडात हाड नको असं कुणी म्हणत नाही. पण नळीभोवती मांस हवं, हे कुठलीही बाई दुकानात उभ्या उभ्या सांगेल.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र आपल्याच वाघरीत, आपल्याच हातानं होतं, आणि ते दिसत नाही. व्यापारी येतो तेव्हा सगळ्यात भरलेल्या कोकरावर बोट ठेवतो. पैशाची नड असते, भाव चांगला असतो, आपण देतो. पुढच्या खेपेला त्यानंतरचं चांगलं. शेवटी कळपात उरतं ते खुरटलेलं, ज्याला कुणी मागितलं नाही. तेच मोठं होऊन मेंढ्यांवर चढतं. दरवर्षी चांगलं विकायचं आणि वाईट पेरायचं, असं वीस वर्षं चाललं तर कुठलीही जात लहान होत जाणारच. मग आपण म्हणतो दख्खनीत दम राहिला नाही. ज्वारीचं बी निवडताना आपण सगळ्यात भरलेलं कणीस बाजूला काढतो. मेंढ्याच्या बाबतीत उलटं का करतो? एक मेंढी वर्षाला एक-दोन कोकरं देते, मेंढा पंचवीस-तीस. म्हणून मेंढ्यात केलेली चूकही तितक्या पटीनं पसरते.

यावर उपाय म्हणजे एक ताणकाटा, एक वही आणि कानातले बिल्ले. जन्मलं तेव्हाचं, तीन महिन्यांचं आणि सहा महिन्यांचं वजन लिहायचं. तीन महिन्यांचं वजन बरंचसं आईच्या दुधाचं असतं, सहा महिन्यांचं जास्त करून कोकराच्या स्वतःचं. तुलना एकाच वेतातल्या, पंधरा-वीस दिवसांच्या अंतरात जन्मलेल्या कोकरांचीच करायची. जुळ्यातलं कोकरू तेरा किलोचं आणि एकटं वाढलेलं चौदाचं असेल, तर मी तेरावालं ठेवेन, कारण त्यानं निम्म्या दुधावर ते वजन केलंय. मग कमरेवर हात, मागं उभं राहून मांडीची कमान, पुढून छातीची रुंदी, दात वर-खाली बरोबर जुळतात का, वृषण दोन्ही सारखे आणि घट्ट आहेत का. नाक शेवटी बघायचं, तेही श्वास मोकळा आहे का एवढ्यासाठी. आणि दोन वर्षांनी मेंढा बदलायचा, नाहीतर तो स्वतःच्या मुलींवर जातो आणि कोकरं अशक्त निघायला लागतात.

आषाढ-श्रावणात मेंढ्या फळवल्या तर पाच महिन्यांनी, मार्गशीर्ष-पौषात कोकरं होतात आणि रब्बीच्या काढणीनंतरच्या रानात वाढतात. उन्हाळा संपता संपता ती व्यापाऱ्याला दाखवण्याजोगी होतात. त्याचा टेम्पो यायच्या आदल्या संध्याकाळी वही उघडून शुद्ध दख्खनी मेंढ्याची दोन नर कोकरं, वेगवेगळ्या आयांची, बाजूला काढा आणि त्यांच्या गळ्यात लाल दोरी बांधा. सकाळी व्यापारी सगळ्यात आधी त्यांच्याकडेच बोट दाखवेल. त्याला म्हणा, “ती दोन सोडून बोला.”